ट्रकने आलेला किनारा

शुक्रवार

जूनमध्ये दक्षिण फ्लोरिडाला जातेय म्हटल्यावर ऑफिसातल्या दोघा-तिघांनी कपाळाला आठ्या घातल्या. दमट हवा, दुपारी ठरलेला वीज-पाऊस, वादळांचा मोसम नुकताच सुरू झालेला. सगळं खरं. पण मला हव्या होत्या त्या दोन गोष्टी उन्हाळ्यातच नीट जमतात. एक म्हणजे बोट न घेता किनाऱ्यावरून चालत जाऊन डायव्हिंग करणं, आणि दुसरी, अंडी घालायला वर आलेली कासवीण बघणं. शिवाय कोरल स्प्रिंग्जला माझी मोठी नणंद, मुग्धाताई, राहते आणि सध्या सासूबाईही तिथेच आहेत, म्हणजे जेवणाखाण्याची काळजी नाही.

अटलांटाहून विमान वेळेवर आलं, सामान आलं. मुग्धाताईंनी दारातच विचारलं, "अगं, रेग्युलेटर आणलास ना तुझा? भाड्याचे मला आवडत नाहीत." (रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र.) मी डायव्हिंग शिकले तारकर्लीला, ताई शिकल्या इथे, तेही चाळिशीनंतर, आणि आता माझ्याहून दुप्पट सराईत आहेत. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पाण्यात डोकं घालणं मान्य नाही. त्याच्याकडे आमचा अर्णव आणि टोप्या-टॉवेलांचं खातं.

भाकरी आणि कुळथाचं पिठलं झाल्यावर सगळेच लॉडरडेल-बाय-द-सी या छोट्या गावाच्या किनाऱ्यावर गेलो. गाव म्हणजे दोन-चार रस्ते, पण किनाऱ्यावरून डायव्हिंगसाठी अख्ख्या फ्लोरिडात नावाजलेलं, कारण पहिला खडक किनाऱ्यापासून शंभरेक यार्डांवर सुरू होतो. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे पिवळट-केशरी लागले. कासवांच्या मोसमात समुद्राच्या बाजूला पांढरा उजेड नको, म्हणून. सरगॅसम शेवाळाचा कुजका वास होता, त्याची दहा मिनिटांत सवय होते.

पाण्याजवळ गेल्यावर वाळूत एक पायरी लागली. लाटांनी सरळ कापलेली, गुडघ्याएवढी, दोन्ही बाजूंना दूरवर गेलेली. अर्णवने तिच्यावरून उड्या मारायला सुरुवात केली. सासूबाई खाली वाकल्या आणि मूठभर वाळू घेऊन बोटांनी चोळत राहिल्या. त्यांचं माहेर केळशीचं, पुळणीवर वाढलेल्या.

"शिंपल्याचा तुकडा नाही बघ एक. चाळून आणल्यासारखी."

"चाळूनच आणलीय आई," ताई म्हणाल्या. "ट्रकने."

मग ताईंनी सांगितलं ते असं. २०१५-१६ च्या सुमारास पोम्पानोचा दक्षिण भाग, हे गाव आणि फोर्ट लॉडरडेल मिळून सुमारे पाच मैल किनाऱ्यावर वाळू भरण्याचं मोठं काम झालं. ती वाळू समुद्रातून उपसलेली नव्हती. राज्याच्या आतल्या भागातल्या खाणींतून काढून, धुऊन, दाणा मोजून ट्रकांनी आणलेली. त्या हिवाळ्यात समुद्रालगतच्या ए-वन-ए रस्त्यावर ट्रकांमागे गाडी घेऊन बसण्यात ताईंचे बरेच शनिवार गेले. इथली मूळची वाळू शिंपल्या-प्रवाळांच्या चुऱ्याची, नवी बरीचशी गारगोटीची. आणि हे काम एकदा करून संपत नाही. लाटा नेतात, पुन्हा आणावी लागते. शेजारच्या मायामी-डेड काऊंटीने (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) तर सत्तरच्या दशकापासून समुद्रतळाची वाळू उपसून उपसून तिथला साठाच संपवला.

शनिवार

सकाळी सातला दातुरा अव्हेन्यूच्या टोकाशी. पार्किंग आठनंतर मिळत नाही, हे लिहून ठेवा. समुद्र सपाट होता आणि पाणी इतकं कोमट की पातळ सूटसुद्धा जास्त वाटावा.

झेंड्याबद्दल आधीच सांगते, कारण इथे कडक आहे. तरंगत्या बोयावर लाल झेंडा, त्यावर पांढरा तिरका पट्टा, किमान बारा इंच बाय बारा इंच. उघड्या समुद्रात झेंड्यापासून तीनशे फुटांच्या आत राहायचं. बोटींच्या वाटेत किंवा खाडीच्या तोंडाशी शंभर फुटांच्या आत. झेंडा न्यायचा आणि वर आल्यावर काढायचा. दोरी ताईंच्या हातात होती, त्यामुळे मी मोकळी.

इथे पाण्याखाली एक मुद्दाम रचलेलं "बुडालेलं जहाज" आहे. नांगर, काँक्रीटच्या तोफा आणि जहाजाच्या तळात वजनाला ठेवतात तसे धोंडे. खोली अगदी कमी, नुसत्या स्नॉर्कलवरही दिसतं. एका तोफेच्या तोंडात पिवळ्या पट्ट्यांचे ग्रंट मासे दाटीवाटीने उभे होते. तिच्या पलीकडची मात्र निम्मी वाळूत होती. सार्जंट मेजर मासा स्वतःची अंडी राखत होता आणि माझ्या काचेवर धडका देऊन मला हाकलत होता. त्याच्या मानाने मी केवढी, पण मी मागे सरले.

ताईंनी बोटाने खूण करून मला खडकाच्या किनारीवर नेलं. आजचं खरं पाहणं ते होतं. इथला पहिला खडक म्हणजे उंच डोंगर-कपारी नव्हे. चुनखडीची फरशी, जेमतेम हातभर वर आलेली, तिच्यावर शेवाळाचं लव, स्पंज, समुद्रपंखे, मधूनच मेंदूसारख्या घड्या असलेलं प्रवाळ. ही फरशी जिथे संपते तिथे वाळू चढत आलेली दिसत होती. समुद्रपंख्यांच्या देठांचा खालचा भाग वाळूत होता आणि वरचे पंखे हलत होते. फरशीवरच्या एका वाटोळ्या प्रवाळावर दुधी बुळबुळीत पडदा दिसला, त्यात वाळूचे कण अडकलेले. प्रवाळ असं स्वतःला झाडून घेतं: चिकट द्रव सोडायचा, त्यात कण गोळा करायचे, आणि पाण्याच्या हालचालीबरोबर ते सरकवून द्यायचं. रोजची धूळ त्याला झेपते. महिनोन्‌महिने वरून पडत राहिली तर खाणं मिळवायचं सोडून नुसती झाडलोटच करत बसावं लागतं.

आणि तिथेच ते दिसलं. ताटाएवढं हिरवं कासव, म्हणजे पोरच. मान खाली घालून फरशीवरचं शेवाळ कुरतडत होतं. चोचीने ओढायचं, तुकडा तुटला की थोडं मागे जायचं, पुन्हा तोंड घालायचं. त्याने ओढलं की बारीक गाळाचा ढग उठायचा. आम्ही हात जवळ घेऊन स्थिर राहिलो. बराच वेळ चरून ते श्वासाला वर गेलं आणि आमच्या झेंड्याच्या दोरीला वळसा घालून निघून गेलं.

सिलिंडर परत करायला दुकानात गेलो तेव्हा मी हे वाळूचं काढलं. गल्ल्यावरचे म्हातारे गृहस्थ इथे कित्येक वर्षं डायव्हिंग करतायत. आधी त्यांनी आम्हाला पंख्याखाली बसवलं. "माझं दुकान किनाऱ्यावर चालतं, किनारा नसेल तर मीही नाही," ते म्हणाले. "त्यामुळे वाळू टाकू नका असं मी म्हणू शकत नाही. पण कशी टाकता ते बघा ना." समुद्रतळातून ड्रेजरने वाळू उपसून नळीने किनाऱ्यावर सोडली की तिच्याबरोबर पीठ येतं. दाणा खाली बसतो, पीठ तरंगतं. पाणी ताकासारखं होतं आणि मोठी लाट आली की तळाशी बसलेलं पीठ पुन्हा उठतं, काम संपल्यावरही कितीतरी दिवस. फ्लोरिडाच्या नियमाप्रमाणे कामाच्या जागेजवळचं पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा २९ एककांहून जास्त गढूळ होता कामा नये. पण गढूळपणा मोजायचा तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. आणि आजूबाजूचं पाणीच आधी गढूळलं असेल तर? हे त्यांचे शब्द, चेहरा निर्विकार. खाणीची धुतलेली वाळू त्यांना त्यातल्या त्यात बरी वाटते.

मी कासवाचं सांगितल्यावर ते म्हणाले, "ते पोर कुठे चरत होतं बघितलंस ना?"

मला तोपर्यंत वाटत होतं की हे भांडण डायव्हर आणि कासव यांच्यात आहे: वाळू टाकली तर कासवाचं भलं, आमचा खडक जातो, आम्ही स्वार्थी. पण टाकलेली वाळू जागच्या जागी राहत नाही. वर रुंद, सपाट ओटा करून ठेवतात आणि लाटा तो ओढून समुद्रात उतार तयार करतात. त्या उताराचं टोक जिथे येतं तिथे हीच फरशी असते. म्हणजे आईला अंड्यांसाठी जागा देताना लेकराचं कुरण गाडलं जाऊ शकतं. कागदोपत्री याची भरपाई असते. दक्षिणेकडच्या भागात २००५-०६ साली ड्रेजरने वाळू भरली, तेव्हा जाणाऱ्या फरशीच्या बदल्यात चुनखडीचे मोठाले धोंडे आधीच समुद्रात टाकले होते. धोंड्यांवर मासे छान जमतात, डायव्हर खूश होतात. सपाट फरशीवर चरणाऱ्या पोराला त्या उंच धोंड्यांचा तेवढाच उपयोग होतो असं मला तरी वाटत नाही.

दुपारी क्यूबन कॉफीच्या खिडकीवर पेरूच्या सारणाचे पेस्टेलितो खाल्ले. कोलादा मागवली तर एका पेल्याबरोबर चिमुकले कप येतात, ते वाटून प्यायचे असतात. एकट्याने पेला संपवू नका, रात्री झोप येत नाही.

रविवार

पहाटे साडेपाचला सासूबाई तयार होऊन बसलेल्या. "तुम्ही पाण्यात जाता, मी काय करू? मला पावलं दाखवा."

कासवांच्या मोसमात, म्हणजे मार्च ते ऑक्टोबर, इथे रोज पहाटे किनाऱ्याची पाहणी होते. हा सगळा भाग ज्यात येतो त्या ब्रॉवर्ड काऊंटीसाठी नोव्हा साऊथईस्टर्न विद्यापीठाच्या लोकांनी हे काम अनेक वर्षं केलं आहे. ते होईपर्यंत शेवाळ गोळा करणारं यंत्रही किनाऱ्यावर येऊ शकत नाही. आम्हाला चार चाकांच्या छोट्या गाडीवरून येणारी एक विद्यार्थिनी भेटली. सासूबाईंनी तिला हिंदी-इंग्रजी-मराठी मिसळून जे विचारलं ते तिला बरोब्बर कळलं.

लॉगरहेड जातीच्या कासवाच्या पावलांच्या खुणा एकाआड एक पडतात, उजवा-डावा, उजवा-डावा. हिरव्या कासवाच्या दोन्ही बाजूंच्या एकदम, जोडीने. तिने दाखवलेली खूण लॉगरहेडची होती. पाण्यातून वर आली, वाळूच्या त्या पायरीपाशी थांबली, पायरीच्या कडेने दहा-पंधरा फूट चालली, आणि वळून परत पाण्यात. घरटं नाही. याला इथे फॉल्स क्रॉल म्हणतात. पोरीने मोजून झाल्याची खूण म्हणून त्या रेघांवर काठीने आडवी रेघ ओढली.

"अंडी मग कुठे घालायची तिने?" सासूबाई.

"दुसरीकडे येईल. किंवा पायरीखालीच घालील, आणि भरती नेईल."

पायरीसाठी नियम आहे. अठरा इंचांपेक्षा उंच आणि शंभर फुटांपेक्षा लांब असली तर, परवानगी घेऊन, सपाट करायची. वाळू किती घट्ट बसली आहे तेही मोजतात: टोकदार दांडा खुपसायचा, किती जोर लागतो ते बघायचं. फार घट्ट असेल तर मोसमाआधी नांगरासारखं यंत्र फिरवून दोन-तीन फूट खोल भुसभुशीत करायची. वाळू भरल्यानंतरच्या पहिल्या मोसमात अशा फुकट खेपा वाढतात आणि घरटी कमी होतात, हे फ्लोरिडात बऱ्याच किनाऱ्यांवर दिसलं आहे. लाटांनी किनारा आपल्या मनासारखा करून घेतला की दोन-तीन मोसमांत गाडी रुळावर येते. वाळूचा रंगही बघावा लागतो. गडद वाळू तापते, आणि २९ अंशांच्या आसपासच्या एका रेषेवर पिल्लं नर होणार की माद्या ते ठरतं. तापलं की माद्या. इथे हल्ली माद्याच फार.

पुढे एका घरट्याभोवती खुंट्या आणि फीत बांधलेली होती. घरटं होतं तिथेच राहू दिलेलं. सासूबाईंना ते पटेना. आपल्याकडे वेळासला २००२ पासून कासवांचं काम सुरू झालं, त्यात अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत पुरतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात; कोल्हे-कुत्र्यांपासून आणि माणसांपासून वाचवायचा तोच उपाय होता. "उघड्यावर कशी ठेवली?" त्यांनी विचारलं. पोरगी म्हणाली, इथे शक्यतो हलवत नाहीत. हलवताना अंड्यांचं नुकसान होऊ शकतं, आणि कायदा इतका कडक आहे की हात लावायची कुणाची छाती नाही. सासूबाई थोडा वेळ विचार करत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "वाळू तरी आणतात गं हे. आमच्याकडे समुद्र आत यायला लागला की धूपप्रतिबंधक बंधारा. सगळे काळे धोंडे. कासव त्यावर कुठून चढणार?"

हे मला सुचलं नव्हतं. भिंत किंवा वाळू एवढेच दोन पर्याय असतील तर कासवाच्या बाजूने वाळूच बरी. तिसरा पर्याय, समुद्राच्या इतक्या जवळ बांधायचंच नाही, तो इथे केव्हाच हातचा गेला. किनाऱ्याला खेटून वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत आणि वाळू येते ती मुळात त्यांच्यासाठी. कासवाचं नाव पत्रकात छापायला बरं पडतं.

(पहाटे जाणार असाल तर: टॉर्च नको, मोबाइलचा फ्लॅश अजिबात नको. खुर्च्या-छत्र्या रात्री किनाऱ्यावर सोडू नका, मुलांनी केलेले खड्डे बुजवून या. अर्णवने दोन खड्डे केले होते, निखिलला परत पाठवून बुजवले.)

दुपारी धो-धो पाऊस. ताईंच्या शेजाऱ्यांनी पिशवीभर आंबे आणून दिले. जून म्हणजे इथलाही आंब्याचा मोसम. दुकानात सगळीकडे दिसणारा टॉमी अ‍ॅटकिन्स हा मूळचा या ब्रॉवर्ड काऊंटीतलाच, आणि त्याआधीचा हेडन हा आपल्या मलगोब्याच्या कोयीतून आलेला. सासूबाईंनी हेडनचा रस काढला, वेलदोडा घातला, चाखला आणि "रसाला चालेल" एवढं प्रमाणपत्र दिलं. हापूसशी तुलना करायच्या फंदात त्या पडल्या नाहीत, यावरून काय ते समजा. पुऱ्या मात्र आम्ही मोजल्या नाहीत.

सोमवार

दानिया बीचकडे. मिझेल-यूला जॉन्सन स्टेट पार्क पोर्ट एव्हरग्लेड्सच्या तोंडाशी, दक्षिणेला आहे. वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांना या काऊंटीत समुद्रावर यायला हीच एक जागा होती. १९६१ साली यूला जॉन्सन आणि डॉ. मिझेल लोकांना घेऊन फोर्ट लॉडरडेलच्या गोऱ्यांच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरले, आणि पुढे हा भेदभाव कोर्टात टिकला नाही. पार्कला त्यांचं नाव मिळायला २०१६ उजाडलं. अर्णवला हे सगळं तिथल्या फलकावरून नीट वाचून दाखवलं.

उत्तर टोकाला धक्क्याचे धोंडे आहेत. तिथे उभं राहिलं की सगळं गणित डोळ्यांसमोर येतं. या किनाऱ्यावर वाळू निसर्गतः उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत असते. १९२८ साली बंदराचं तोंड उघडलं, दोन्ही बाजूंना धक्के घातले. उत्तरेकडून येणारी वाळू अडली, काही तोंडात पडली, आणि दक्षिणेच्या किनाऱ्यांची उपासमार सुरू झाली. मग त्यांना बाहेरून वाळू आणून घालायची. आधी वाट अडवायची आणि मग ट्रक भाड्याने घ्यायचे.

याच काऊंटीत उत्तरेला हिल्सबरो इनलेटवर वेगळी पद्धत आहे. तिथे खाडीच्या तोंडाशी कायमचा छोटा ड्रेजर असतो; अडलेली वाळू तो थोडी थोडी करून पलीकडे दक्षिणेला पोचवत राहतो. येताना तो बघितला, शेजारी १९०७ सालचा लोखंडी दीपस्तंभ. पाम बीच काऊंटीत तर साउथ लेक वर्थ इनलेटवर १९३७ पासून पंपाने वाळू पलीकडे पाठवतात. मला विचाराल तर हेच खरं. समुद्र जेवढी नेतो तेवढीच, त्याच्याच दाण्याची, थोडी थोडी द्यायची. एका हिवाळ्यात डोंगर ओतला की खडकावर एकदम थर चढतो, पायऱ्या पडतात, कासवीण गोंधळते. रोजचं पाणी घातल्यासारखं केलं तर हे बरंच टळावं. पोर्ट एव्हरग्लेड्सला अशी सोय करायची चर्चा वर्षानुवर्षं चालली होती. डोंगर ओतताना फोटो चांगले येतात, पंपाचे येत नाहीत, हेही एक कारण असावं. हा माझा तर्क.

डायव्ह व्हायची होती एरोजॅक्सवर. लाटा अडवायला जुन्या काळी समुद्रात टाकलेले काँक्रीटचे काटेरी ठोकळे, आता लॉबस्टर आणि माशांनी भरलेले. सूट अर्धा चढवला आणि आभाळ गडगडलं. वीज दिसल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर पाण्यात जायचं नाही, आणि आम्हाला तर मोजायलाही वेळ मिळाला नाही. गाडीत बसून सासूबाईंनी दिलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. इथे जूनमध्ये डायव्ह सकाळीच उरकायची. दुपारवर ठेवू नका.

मंगळवार

दिवसभर आराम, संध्याकाळी तासाभराच्या अंतरावर जुनो बीच. लॉगरहेडची इतकी दाट घरटी जगात फार थोड्या ठिकाणी असतील. रात्रीच्या टर्टल वॉकसाठी लॉगरहेड मरीनलाइफ सेंटरकडे ताईंनी फार आधी नाव घातलं होतं. जून-जुलैतच होतात, जागा पटकन संपतात आणि कासव दिसेलच याची हमी नसते. परवाना असलेल्या संस्थेबरोबरच जा. एकट्याने रात्री कासवीण शोधत फिरू नका.

आत माहिती सांगतात तोवर बाहेर किनाऱ्यावर त्यांची माणसं फिरत असतात. २०२३ साली सगळ्या फ्लोरिडात लॉगरहेडची एक लाख तेहेतीस हजारांहून जास्त आणि हिरव्या कासवांची शहात्तर हजारांहून जास्त घरटी मोजली, दोन्ही विक्रम. त्याच उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की फ्लोरिडा कीज या दक्षिणेकडच्या बेटांजवळचं स्टॅगहॉर्न प्रवाळ जवळपास सगळं मेलं; आमच्या ब्रॉवर्डच्या बाजूला पाणी थोडं गार होतं म्हणून त्यातलं बरंचसं तगलं. म्हणजे फ्लोरिडात आज जे स्टॅगहॉर्न शिल्लक आहे, ते बरंचसं वाळू भरणाऱ्या किनाऱ्यांच्या समोरच आहे. हे निखिलला सांगत होते तेवढ्यात वायरलेसवर निरोप आला.

अंधारात रांगेने चालत गेलो. कासवीण खड्डा खणत असताना तिच्या मागे जायचं नसतं. अंडी पडायला लागली की ती विचलित होत नाही, मग जवळ बोलावतात. वाटाड्या बाईंनी मागच्या बाजूने लाल दिवा धरला. मी वाकून बघितलं. पाठ तीन फुटांची, तिच्यावर बार्नॅकल्स चिकटलेले. मागचे दोन्ही वल्ह्यांसारखे पाय खड्ड्याच्या दोन बाजूंना पसरलेले आणि दर खेपेला त्यांची कड थोडी वर वळायची, मग दोन-तीन अंडी एकदम पडायची, वर चिकट द्रवाची धार. खड्डा तोंडाशी अरुंद, खाली रुंद. तो तिने त्याच वल्ह्यांनी खणलेला: एक वल्हं आत घालून टोक वाटीसारखं वळवायचं, वाळू उचलून बाहेर ठेवायची, मग दुसरं. वाटाड्या बाई म्हणाल्या, वाळू ओलसर आणि मोकळी असली तरच हा आकार टिकतो. कोरडी असली तर भिंती ढासळतात, दगडासारखी असली तर ती उथळच खणते किंवा सोडून जाते. अंडी शंभराच्या वर. दोन आठवड्यांनी पुन्हा येईल, एका मोसमात असं तीन-चारदा किंवा जास्तही, आणि मग दोन-तीन वर्षं नाही.

घरटं बुजवताना तिने पुढच्या वल्ह्याने वाळू उडवली ती थेट सासूबाईंच्या अंगावर. त्या हसल्या, पण झटकायलाही हलल्या नाहीत. मी हळूच विचारलं, "आई, ही वाळू कशी आहे?" इथेही वाळू भरली जाते हे मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "गप्प बस. तिला विचार."

बुधवार

परतीच्या आधी एक डायव्ह. रिव्हिएरा बीचचा ब्लू हेरॉन ब्रिज, फिल फॉस्टर पार्क. पुलाखालच्या खाऱ्या पाण्यात, पोहून जायच्या अंतरावर समुद्रघोडे, ऑक्टोपस, चालणारा बॅटफिश. उतरायचं ते भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं तेव्हाच. एरवी ओढ फार. भरतीचं कोष्टक बघा, तासभर आधी पोचा, पाणी थांबायच्या अर्धा तास आधी आत जा. पाय तळाला लावू नका, गाळ उठला की मागच्या सगळ्यांचा डाव गेला. मला समुद्रघोडा ताईंनी दाखवल्यावरही दिसायला बराच वेळ लागला, दोरीचा तुकडा समजून मी दोनदा पुढे गेले.

आता हिवाळ्यात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी. वाळू भरायची कामं कासवांचा मोसम टाळून साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होतात, म्हणजे आपल्या लोकांच्या ख्रिसमसच्या सुट्टीतच. तिकीट काढण्याआधी काऊंटीच्या संकेतस्थळावर कुठल्या पट्ट्यात काम आहे ते बघा, लॉडरडेल-बाय-द-सीचे किनाऱ्यावरचे वेबकॅम बघा, आणि डायव्हच्या दुकानात सरळ फोन करून विचारा: ट्रक की ड्रेजर? ट्रक असतील तर पार्किंगची बोंब, पण पाणी बरं असतं. ड्रेजर असेल तर रेग्युलेटर घरीच ठेवा, आणि जूनमध्ये या. आंबेही तेव्हाच असतात.